लिंबाच्या आडाला

एखादी गोष्ट आपल्याला समजली असं एकदा वाटलं, की ती पुन्हा विचारायची नानासाहेबांना सवय नव्हती. वाळूजच्या कंपनीत त्यांनी सत्तावीस वर्षं सुपरवायझरकी केली आणि तिथं दोनदा विचारणारा माणूस कच्चा समजतात. हा गुण म्हणा की खोड म्हणा, पण तोच बरोबर घेऊन ते पंचावन्नाव्या वर्षी बेटावर हॉटेल बांधायला निघाले. हॉटेल म्हटलं की त्यांची पोरगी सायली चिडायची. हॉटेल नाही बाबा, होमस्टे, असं ती दहादा सांगायची आणि नानासाहेब अकराव्यांदा हॉटेलच म्हणायचे.

बेट म्हणजे फार मोठं काही नव्हे. पैठणच्या धरणाचं पाणी चढलं की जुन्या गावाचं टेकाड चारी अंगांनी पाण्यात उभं राहतं, तेच बेट. जुलैपासून होळीपर्यंत तिथं नावेशिवाय जाता येत नाही आणि उन्हाळ्यात पाणी हटलं की वाळलेल्या गाळावरून ट्रॅक्टर सरळ वर चढतो. पन्नास वर्षांपूर्वी गाव उठलं, सगळ्यांच्या जमिनी पाण्यात गेल्या. टेकाडाच्या माथ्यावरचा दीड एकर तेवढा पाण्याच्या वर राहतो म्हणून सरकारनं घेतला नाही, तो नानासाहेबांच्या वडिलांच्या नावावर तसाच पडून राहिला. गाव उठलं तेव्हा नानासाहेब चार वर्षांचे होते. त्यांना जुन्या गावातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माथ्यावर एक म्हातारं लिंबाचं झाड होतं, तेवढीच गावाची खूण उरली होती.

खरं सांगायचं तर नानासाहेबांना ना पाहुण्यांची हौस होती ना धंद्याची. थोरला शिवम बंगलोरला गेला तो गेलाच, वर्षातून एकदा दिवाळीला तोंड दाखवतो. सायली पुण्यातली नोकरी सोडून घरी आली, पण शहरातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर मोबाईल बघत बसायची आणि आठ दिवसांनी पुन्हा कुठंतरी अर्ज टाकायची. ही पण जाणार, हे नानासाहेबांना कळत होतं. एकदा जेवताना ती म्हणाली, की आपल्या बेटावर तीन खोल्या असत्या तर मी जन्मभर हलले नसते. ती सहज म्हणाली असेल, पण बापानं ते शब्द धरून ठेवले. दुसऱ्या दिवशीच ते लासूर स्टेशनच्या अप्पाराव मिस्त्रीला भेटून आले. दोन खोल्या पाहुण्यांच्या आणि तिसरी सायलीची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

अप्पारावनं लासूरला बाजारपेठेतले गाळे बांधले होते, हात चलाख होता आणि तोंड त्याहून चलाख. मार्चच्या शेवटी त्यानं माथ्यावर चुन्याची फक्की टाकून तीन खोल्या आखल्या. दोन एका ओळीत, आणि तिसरी जरा बाजूला, लिंबाच्या मागं सावलीला. जुलैत नाशिककडून पाणी सुटायच्या आत स्लॅब पडला पाहिजे, नाहीतर सिमेंटच्या गोण्या नावेतून आणाव्या लागतील, हे तो रोज सकाळी एकदा ऐकवायचा. चहा मागायची त्याची ती पद्धत होती.

काम सुरू करायच्या आधी जुन्या गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारून ये, असं आशाबाईंनी नवऱ्याला बजावलं. जाणतं माणूस आता एकच उरलं होतं, काठावर वसलेल्या नव्या गावातला कडुबा. गाव उठलं तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता, पुढं एसटीत ड्रायव्हर झाला आणि पैठण डेपोतून रिटायर झाला. नानासाहेब गेले तेव्हा कडुबाच्या दारात जीप उभी होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो मुलाकडं, प्रणयकडं, पुण्याला निघाला होता. त्याची बायको मालनबाई पिशव्या मोजत होती आणि जीपवाला हॉर्न देत होता. नानासाहेबांनी घाईघाईनं सगळं सांगितलं. कडुबानं ऐकून घेतलं, चांगलं करताय म्हणाला, पोरीला जवळ ठेवताय म्हणाला, आणि जीपमध्ये एक पाय ठेवून वळला.

"कुठंबी बांधा, नानासाहेब. सगळं टेकाड टणक हाय. फकस्त लिंबाच्या आडाला बांधू नका. मी लई उभा राहिलोय तिथं."

जीप निघून गेली. नानासाहेबांना त्यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नाही. लिंबाच्या आडाला म्हणजे लिंबाच्या मागं. तिथं साप असतील, नाहीतर कुणाचं देवाचं ठाणं असेल, म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतंच. उभा राहिलोय म्हणजे शेरडं घेऊन सावलीला उभा राहिला असेल. माणसानं सांगितलंय तर ऐकायचं, आपल्याला काय फरक पडतो. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या चपलेनं अप्पारावची फक्की पुसली आणि तिसरी खोली लिंबाच्या पुढं, पाण्याच्या बाजूला आखायला लावली. सायली तर नाचायचीच बाकी राहिली. दार लिंबाच्या अंगणात आणि खिडकी थेट पाण्यावर, आणखी काय पाहिजे?

जुन्या गावठाणाची माती पांढरी असते, राखेसारखी भुसभुशीत. तिच्यावर घर टिकत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, ही आपल्याकडची रीत. पहिल्या दोन खोल्यांना मुरूम लागला साडेपाच फुटांवर. तिसऱ्या खोलीला खिडकीच्या बाजूला तेवढंच खणावं लागलं, पण दाराच्या बाजूला अडीच फुटांवरच लालभडक मुरूम निघाला. अप्पाराव खूश झाला, दोन दिवस वाचले म्हणाला. सायलीनं विचारलं, की चार पावलांवर एवढा फरक कसा? अप्पाराव हसला. जमिनीला काय देवानं पट्टी लावून ठेवलीय का, म्हणाला. त्यानं पहार आपटून दाखवली. बाकीच्या खड्ड्यांत ती ठणकन वाजली होती, इथं आवाज जरा बद्द आला. ओल असंल, असं म्हणून त्यानं पहार खांद्यावर टाकली. नानासाहेब तिथंच उभे होते. त्यांनीही तो आवाज ऐकला आणि ते पुढच्या खड्ड्याकडं वळले.

स्लॅब वेळेत पडला. जुलैत पाणी आलं, गाळाची वाट बुडाली आणि बेट बेट झालं. धोंडिबाची मोटारीची नाव ठरवली. सायलीनं फोटो टाकले आणि पाहुणे येऊ लागले. पुण्याचे, नाशिकचे, गळ्यात दुर्बिणी अडकवलेले पक्षी बघणारे. आशाबाईंच्या हातची बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन लोक डोळ्यांतून पाणी काढत आणि पुन्हा मागत. सायली सकाळी गाणं म्हणत खोल्या आवरायची. नानासाहेब ओट्यावर बसून ते ऐकायचे. आपण आयुष्यात एक काम बरोबर केलं, असं त्यांना त्या दिवसांत वाटायचं.

तिसऱ्या खोलीचं दार ऑगस्टमध्ये पहिल्यांदा अडकलं. अप्पारावला बोलावलं. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणाला आणि रंधा मारून गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा अडकलं, त्यानं पुन्हा रंधा मारला. आता वरच्या कोपऱ्यात एवढी फट पडली होती, की आतला दिवा बाहेरून दिसायचा, तरी खालून दार घासायचंच. फुगलेलं लाकूड एका बाजूनं फट कशी पाडेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या खोलीच्या मोरीचं पाणी ज्या शोषखड्ड्यात जायचं, तो तर अप्पारावच्या कौतुकाचा विषय होता. बाकीचे दोन खड्डे पावसात तुंबले, पण हा कितीही पाणी सोडा, गटागट पिऊन टाकायचा. असा खड्डा जिल्ह्यात नाय, असं तो पाहुण्यांना सांगायचा. मग आशाबाईंनी सगळ्या खोल्यांचं पाणी त्याच खड्ड्यात वळवून घेतलं. सायलीच्या टेबलावर पेन ठेवला की दाराकडं घरंगळायचा. माझी खोली झोपाळू आहे, उशीवर कलते, असं ती हसून म्हणायची.

सप्टेंबरात धरण काठोकाठ भरलं. एका रविवारी सकाळी नानासाहेब भाजी आणि गॅसची टाकी आणायला धोंडिबाच्या नावेतून पलीकडं आले. कडुबा पुण्याहून परतल्याचं कळलं, म्हणून पेढे घेऊन त्याच्या घरी गेले. कडुबा अंगणात खुर्चीत बसला होता, हातात काठी. मालनबाईनं चहा आणला. गुडघ्याची, प्रणयच्या नोकरीची चौकशी झाली. नानासाहेबांनी मोबाईलवर खोल्यांचे फोटो दाखवले. कडुबा चष्मा लावून बघत होता.

"आड सोडूनच बांधलं ना?" त्यानं विचारलं.

सोडून म्हणजे काय, नानासाहेब म्हणाले. लिंबाच्या मागं एक वीट लावली नाही. मिस्त्रीनं आखलेलं पुसायला लावलं आणि खोली पुढं घेतली, पाण्याकडं. मामा, तुमचा शब्द पाळला बघा.

कडुबानं कप खाली ठेवला.

"मागं काय हाय? मागं तर निस्ता खडक हाय. आड पुढं हाय."

"पुढं कसा आड असंल, मामा?"

"पाण्याचा आड, नानासाहेब. तुमचाच. तुमच्या आज्यानं खणलेला."

नानासाहेबांना तो शब्द ठाऊक नव्हता असं नाही. पण शहरातल्या घरात नळ होता, मग बोअर होतं, आड कधी कुणाच्या तोंडात आला नव्हता. कडुबा सांगत गेला. गाव उठलं तेव्हा ढोरं-पोरं पडू नयेत म्हणून आड बुजवला होता. साठ हात खोल आड मातीनं कोण भरणार? लोकांनी घरांच्या तुळया टाकल्या, दारं टाकली, बाभळीच्या काट्या टाकल्या आणि वरून चार गाड्या मुरूम ओतून धुमस केला. त्यातल्या दोन गाड्या कडुबाच्या बापानंच ओढल्या होत्या. पन्नास वर्षांत त्या लाकडाचं काय झालं असेल, हे सांगायची गरज नव्हती. नानासाहेबांना पहारेचा बद्द आवाज आठवला. मग शोषखड्डा आठवला. दोन महिने सगळ्या खोल्यांचं पाणी आपण आपल्या हातानं त्या आडात सोडतोय, हे त्यांना कळलं.

त्यांनी सायलीला फोन लावला. बेटावर रेंज फक्त लिंबाखाली येते. फोन लागला नाही, चार वेळा लावला तरी लागला नाही. ते उठले तसा कडुबाही काठीवर रेलून उठला. मालनबाई आडवी आली, गुडघा अजून धड झाला नाही म्हणाली. कडुबानं तिच्याकडं पाहिलं नाही. "ह्यांना ठावं नाय कुठं पाय ठेवायचा," एवढंच म्हणाला.

धोंडिबानं आणि नानासाहेबांनी त्याला धरून नावेत बसवलं. एरवी वीस मिनिटांचा रस्ता. वारा पडला होता, पाणी सपाट होतं आणि मधूनमधून नाशिककडून वाहून आलेली जलपर्णी मोटारीत अडकायची. धोंडिबा थांबून ती काढायचा. तेवढ्यात नानासाहेब समोर बघायचे. तिसरी खोली दिसत होती, पांढरी, निळ्या खिडकीची, पाण्यावर आलेली. ती दिसत होती तोवर त्यांचा श्वास चालू होता. देवाचं नाव घ्यावं असं त्यांच्या मनात आलं, पण तोंडून नुसतं सायली सायली निघत होतं. कडुबाही खोलीकडंच बघत होता.

आशाबाई काठावरच भेटल्या, भांडी घासत होत्या. सायली कुठं, असं विचारताच हसल्या. दार सकाळपासून पुन्हा अडकलंय, आतच आहे, खिडकीतून चहा दिला. दोन पाहुणी पोरं दाराला खांदा मारून बघतायत.

नानासाहेब धावत सुटले. मागून कडुबाचा आवाज आला, एसटीच्या ड्रायव्हरचा आवाज, भर बाजारात गर्दी हटवणारा. "दाराला हात लावू नका!"

दोन्ही पोरं ओट्यावर उभी होती, खांदा लावायच्या बेतात. ती थबकली. कडुबा काठी टेकत लिंबापर्यंत आला, झाडाला पाठ लावली आणि पाण्याच्या दिशेनं मोजून पावलं टाकली. दुखऱ्या पायानं टाकत होता, तरी ती सारखी पडत होती. नवव्या पावलाला थांबला. काठीनं जमिनीवर रेघ ओढली आणि पोरांना हात केला, एकेक करून, हळू, इकडं. ती आली. त्यातल्या एकाला अजून गंमतच वाटत होती.

"दाराखाली आड हाय," कडुबा नानासाहेबांना म्हणाला. "खिडकीखाली खडक. लांबून वळसा घ्या. ओट्यावर पाय नको."

नानासाहेब आणि धोंडिबा वळसा घालून खिडकीकडं गेले. खिडकीला गज होते. चोराचिलटाची भीती नको म्हणून नानासाहेबांनीच जाड लोखंडाचे, चार बोल्टचे करून घेतले होते. आत सायली दाराशी उकिडवी बसून खालची फट चाकूनं मोकळी करत होती. बापाला बघून म्हणाली, की एवढं काय झालं, अप्पाराव येईल की दुपारी.

"सायली, खिडकीशी ये. पळू नको. हळू ये."

बापाचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती उठली. उठताना तिच्या पायाखालची फरशी ताडकन वाजली आणि मधोमध उभी राहिली. ती जागीच थिजली. नानासाहेबांनी डोळे तिच्यावरच ठेवले आणि भिंतीशी टेकवलेली पहार उचलून बोल्टखाली घातली. भिंतीकडून चल, ते म्हणत राहिले, भिंतीला धरून चल, पलंगावर चढ. पहिला बोल्ट निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याला त्यांचे हात घामानं सटकायला लागले तेव्हा धोंडिबानं त्यांना बाजूला सारलं. आत टेबल आपोआप दाराकडं सरकलं. आपणच हे लोखंड इतकं पक्कं बसवलं, या विचारानं नानासाहेबांना रडू फुटलं आणि ते रडत रडतच गज ओढत राहिले. चौथा बोल्ट निघाला नाही, गजच वाकला. त्या फटीतून सायली आधी डोकं, मग खांदे काढून बाहेर आली, दंड सोलून निघाला, ओढणी आतच अडकून राहिली. ती तिघं वळसा घालून पळाली.

ती रेघेपाशी पोहोचली तेव्हा उंबरा खाली गेला. मोठा आवाज नव्हता झाला; कुणीतरी पोतं ठेवावं तसा झाला. मग दार चौकटीसकट आत कललं, ओट्याचा कोपरा गेला, स्लॅब मधून मोडून लोंबकळला आणि वीटकाम त्याच्यामागून ओघळत राहिलं. धूळ बसायला बराच वेळ लागला. खिडकीची भिंत उभीच होती. दाराच्या जागी काळं गोल तोंड होतं आणि हातभर खाली पाणी. त्यावर सायलीच्या खोलीचा चटईचा तुकडा आणि एक कुजलेली तुळई हळूहळू फिरत होती.

आशाबाईंनी पोरीला पोटाशी धरलं होतं. नानासाहेब कडुबाशेजारी उभे होते. माणसाला राग काढायला कुणीतरी लागतंच.

"मामा, नीट सांगायचं होतं," ते म्हणाले.

"नीटच सांगितलं. आड म्हणलं. दुसरं काय म्हणू त्याला?" कडुबा शांतपणे म्हणाला. मग काठीनं त्यानं पायाजवळची रेघ दाखवली. "इथं माझी आई उभी राहायची, हांडा खाली ठेवून. मी बी उभा राहायचो. वरून कोणी ओतलं तर पाणी. तुमच्या आज्याचा नेम व्हता, ह्याच्या म्होरं आमी पाय टाकायचा नाय. लई उन्हं काढली इथं. म्हणून ठावं हाय मला, आड कुठवर हाय ते."

नानासाहेबांनी खाली पाहिलं. त्यांची स्वतःची पावलं रेघेच्या अलीकडं होती, अगदी चिकटून. आशाबाईंची, सायलीची, धोंडिबाची, पाहुण्या पोरांची, सगळ्यांची. त्यांना लाज वाटली, इतकी की वर बघवेना.

मागून एका पाहुण्यानं चाचरत विचारलं, की आमचं सामान दोन नंबरच्या खोलीत आहे, ते आणलं तर चालेल का? त्यानं विचारलं नानासाहेबांना, पण नानासाहेब कडुबाकडं बघत होते.

"थांबा," कडुबा म्हणाला. "मी सांगंल तवा."

सगळे थांबले.